रुमालाखालची बोटं

आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळायचं, मग पत्रक, आणि पत्रक वाचून होईपर्यंत चहा. वडील शहापुरात एका छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका छापायच्या आणि संध्याकाळी उरलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदावर पत्रकं. धरणाकाठच्या गावांना पाणी, जंगलजमिनीचे दावे, बंद पडलेली एसटीची फेरी. तालुक्यात ज्या गोष्टीवरून कोणी भांडत असेल तिचं पत्रक आमच्या कपाटावर गठ्ठ्याने असायचं. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. इतर मुलांना 'कमळ' आणि 'बदक' येत होतं तेव्हा मला 'निषेध' येत होता, पोटफोड्या ष सकट.

मामाला या कागदांचं कधीच कौतुक नव्हतं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला त्याचं गाव. पावसाळ्यात भात आणि नागली, उरलेलं वर्ष बैलांचे सौदे. अशा माणसाला हेडी म्हणतात: विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये भाव जुळवणारा. हा सौदा तोंडाने होत नाही. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. वर माणसं पिकापाण्याच्या गप्पा मारत असतात, खाली बोटं भांडत असतात, आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. टॉवेल कसाही असला तरी त्याला रुमालच म्हणायचं, आणि हात उजवाच लागतो. डाव्या हाताचा सौदा कोणी धरत नाही.

मामा वडिलांना चिडवायचा, की तुमचं पत्रक हजार माणसं वाचतात आणि काही होत नाही. माझं बोट एकच माणूस वाचतो आणि बैलाचं घर बदलतं.

त्या मामाच्या अंगावरून एका भाद्रपदात वारं गेलं. उजवी बाजू. बोलणं काही आठवड्यांत बरंचसं परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, पण हात आला नाही. बोटं तळव्यात वळलेली, मनगट आत मुडपलेलं. मामीला भात कापायचं होतं, गोठा होता, तिने त्याला आमच्याकडे शहापूरला पाठवला. इथे एका संस्थेचं केंद्र आहे, घरापासून रिक्षाने जवळ. तिथे फिजिओथेरपिस्ट येतात आणि लकवा झालेल्यांकडून व्यायाम करून घेतात.

मामा जायचा, पण देवळात नास्तिक जातो तसा. व्यायामाला हात दे म्हटलं की द्यायचा, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा आहे. बाकी वेळ खांद्यावरचा टॉवेल त्या हातावर ओढून बसायचा. कोणी भेटायला आलं तर टॉवेल आधी नीट करायचा, मग 'बस' म्हणायचा.

पौषात म्हशाची जत्रा भरते. मुरबाडजवळचं म्हसा, गुरांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार. मामा कळत्या वयापासून एकदाही चुकला नव्हता. त्या वर्षी आईने त्याला आडून विचारलं, की गाडी करून जाऊन येऊ या का, नुसतं बघून.

"बिनहाताचा हेडी जत्रंत काय करल? घोंगड्या मोजल?" मामा म्हणाला. "हात चालल तवा जाईन. नाय चालला तर म्हसा माझ्यापुरता बुडाला."

जत्रेचे दिवस त्याने आमच्या पडवीत, रस्त्याकडे पाठ करून काढले. रस्त्यावरून बैलांचे टेम्पो जात होते. प्रत्येक टेम्पोला त्याची मान थोडी वळायची आणि परत जागेवर जायची. आई स्वयंपाकघरातून ते बघत होती आणि माझ्यावरच उगाच खेकसत होती.

होळी झाल्यावर केंद्रात एक नवी ताई आली. कल्याणहून आसनगावला उतरायची आणि तिथून रिक्षा. तिचं काम रिक्रिएशनल थेरपी. मी अर्थ विचारला तेव्हा तिने सांगितलं की आजारी माणसाला मुळात जे करायला आवडतं, खेळ, गाणं, बागकाम, स्वयंपाक, काहीही, ते शोधायचं आणि त्याच्यातून त्याला परत चालतं-बोलतं करायचं. आईने तिचं नाव 'खेळवणाऱ्या बाई' ठेवलं आणि ते सगळ्या केंद्रात रूढ झालं. या ताईच्या पिशवीत एक व्हीआर हेडसेट होता. डोळ्यांवर चढवायचा जाड काळा चष्मा. तो लावला की समुद्र दिसतो, बर्फ दिसतो, मान फिरवाल तिकडे ते जग फिरतं.

मामाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "घाण्याच्या बैलाला झापडं बांधतात, तो गोल गोल फिरतो आनि त्याला वाटतं आपण लांब चाललोय. मी काय घाण्याचा हाय?"

माझं तर डोकंच फिरलं. मामासारख्या माणसांना रोज व्यायाम हवा, आणि फिजिओथेरपिस्ट येणार आठवड्यातून मोजक्या दिवशी. खेड्यातून येणाऱ्याचा अर्धा दिवस गाडीची वाट बघण्यात जातो. आणि इथे बर्फाचे डोंगर दाखवतायत! त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आधी डॉक्टर, मग चष्मा!' झापडांची उपमा मामाची होती, ती मी त्याला न विचारता घेतली. खेळण्यांनी माणसं बरी होत नसतात, असं एक वाक्य ठळक टाइपात टाकलं. वडिलांनी पिवळ्या कागदावर छापून दिलं, आणि पहिली प्रत मी स्वतः केंद्रात नेऊन ताईच्या हातात दिली. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याला आधी द्यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे.

तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग ड्रॉवरमधून टाचण्या काढल्या आणि ते पत्रक केंद्राच्या फळ्यावर, व्यायामाच्या वेळापत्रकाशेजारी लावलं. म्हणाली, मागणी बरोबर आहे, मीही सही करते. फक्त खेळण्यांबद्दलचं वाक्य तिला पटत नव्हतं. ती म्हणाली, "उद्या सकाळी या ना. मामांच्या शेजारी बसा. नाही पटलं तर दुसरं पत्रक काढा, त्यालापण टाचणी देईन."

मी गेले. दुसऱ्या पत्रकाला मुद्दे मिळतील म्हणून गेले, खोटं कशाला सांगू?

केंद्रात त्या सकाळी तिघं होते. मामा, एक निवृत्त मास्तर आणि तानसाकडच्या एक मावशी. मावशींचं गाव धरणाच्या काठावर. त्यांना ताईने चष्म्यात एक सुंदर तळं दाखवलं, भोवती हिरवी झाडी, पाण्यावर हंस. मावशींनी मान इकडून तिकडे फिरवून शांतपणे ते पाहिलं आणि विचारलं, "पाणी बरंय गो. पण ह्यातलं आमाला मिळल का ह्यापण मुंबईला जायचं?"

मी मनातल्या मनात त्यांना पत्रक-समितीत घेतलं.

मास्तरांना चक्कर आल्यासारखं झालं, म्हणून त्यांचा चष्मा लगेच उतरवला. मग मामाची पाळी. तो नको म्हणत होता. ताईने आग्रह केला नाही, एवढंच म्हणाली की यात गुरं आहेत. मामा जरा थांबला. गुरं म्हटल्यावर बघायचं नाही, असं त्याच्याने होईना. पाठीचा आधार असलेल्या खुर्चीत बसवून तिने त्याला चष्मा चढवला. समोरच्या छोट्या पडद्यावर त्याला काय दिसतंय ते आम्हालाही दिसत होतं. परदेशातलं डोंगरावरचं कुरण, आणि त्याच्या अगदी पुढ्यात उभी एक तपकिरी-पांढरी गाय, गळ्यात भलीमोठी घंटा.

मामाची मान गाईच्या पाठीवरून एकदा इकडून तिकडे फिरली. मग म्हणाला, "हिचं वशिंड कुठाय?"

ताईला वशिंड कळेना. मी सांगितलं, पाठीवरचा उंचवटा, आपल्या गाईबैलांना असतो तो. त्या जातीच्या गाईंना नसतं, असं तिने त्याला सांगितलं.

"वशिंड नाय, तर जू कुठं ठेवणार? हिचा गोऱ्हा औताला काय कामाचा?" मामाची मान आता पुढे झुकली होती. तो तिचं एकेक अंग वाचत होता: पाय, खूर, शेपूट, कपाळावरचा भोवरा. "कास बरी हाय. वय काय म्हणतो मालक?"

मालक तिथे नाही, असं ताई म्हणाली. मग मामाने तेच केलं जे कुठलाही हेडी करील. मालक नसेल तर जनावराला विचारायचं. गुराचं वय दातांवरून कळतं: दोन दात, चार दात, मग सगळे आले की जुळलेला. त्यासाठी डाव्या हाताने नाकाड वर धरायचं आणि उजव्या हाताने खालचा ओठ खाली ओढायचा. मामाचा डावा हात वर गेला, हवेतल्या नाकाडावर बसला. आणि टॉवेलखालून उजवा हात निघाला.

टॉवेल जमिनीवर पडला. तो कोणी उचलला नाही. हात हळूहळू, थरथरत, छातीच्या उंचीपर्यंत आला आणि पुढे सरकला. मुडपलेलं मनगट जरासं सरळ झालं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपासून सुटली, ओठ पकडायला जेवढी लागतात तेवढीच. मावशींनी तोंडावर पदर धरला. फिजिओथेरपिस्ट बाई आतल्या खोलीतून येता येता दारातच थांबल्या.

"तोंड उघडत नाय गो ही," मामा वैतागून म्हणाला. मग त्याची बोटं गाईच्या जबड्यातून आरपार गेली आणि तो चमकला. "अगो, ही हवेची हाय!"

आणि मामा हसायला लागला. भाद्रपदानंतर मी ते हसू ऐकलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर तसाच, हात हवेत, आणि खुर्ची हलेपर्यंत हसतोय. मावशी हसल्या, मास्तर चक्कर विसरून हसले. मलाही आवरेना.

मी उत्साहाच्या भरात काहीतरी चमत्कार वगैरे म्हणाले असेन. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला तिथेच गप्प केलं. त्यांनी सांगितलं की खांदा आणि मनगट गेले काही आठवडे हळूहळू सुटत होते, व्यायामाने. चष्म्याने हात दिला नाही. मामाला तो वापरायची गरज कुठे वाटत नव्हती, ती वाटली. आता पुढे काय ते या दोघींनी मिळून ठरवायचं.

ताईने टॉवेल उचलून मामाला दिला आणि विचारलं, हा नेहमी खांद्यावर का असतो. त्याने डाव्या हाताने तो तिच्या हातावर टाकला आणि तिला सौदा शिकवायला सुरुवात केली.

त्यानंतर केंद्रात जे चाललं त्याला व्यायाम म्हणायची हिंमत कोणी केली नसती. रोज सकाळी बाजार भरायचा. प्रत्येकाने काहीतरी विकायला काढायचं आणि दुसऱ्याने टॉवेलखाली बोटं धरून भाव करायचा. बोट वेगळं करून धरायचं, सोडायचं, दुसरं धरायचं. फिजिओथेरपिस्ट बाईंच्या कागदावर या हालचालींना लांबलचक नावं होती. आमच्याकडे त्याला दुपारपर्यंत चालणारं भांडण म्हणायचे. मास्तरांनी आपली सायकल विकायला काढली, ती रोज विकली जायची आणि रोज परत यायची. मावशींनी पहिल्याच दिवशी तानसा विकायला काढलं.

"इतकी वर्षं तुमी भाव न करता नेलंत, बाय," त्या ताईला म्हणाल्या. ताई कल्याणची, पण मावशींच्या लेखी तिकडचे सगळे मुंबईचेच. "आता धरा बोटं."

ताईने दोन बोटं धरली. मावशींनी तिचा हातच झिडकारला. एवढ्यात तर धरणावरचा एक बगळासुद्धा येत नाही म्हणाल्या. शेवटी सौदा फिसकटला, आणि तानसा मावशींकडेच राहिलं. मी त्या दिवशी घरी येऊन वडिलांना सांगितलं, की तुमच्या इतक्या वर्षांच्या पत्रकांना जमलं नाही ते आज एका टॉवेलखाली झालं. वडील म्हणाले, लिहून काढ.

चष्मा मागे पडला नव्हता. ताईकडे चहूबाजूंचं चित्रण करणारा एक छोटा कॅमेरा होता, आणि मामाला हवेची गाय नको होती. तेव्हा एका रविवारी ताई आणि मी किन्हवली-सरळगाव करत मामाच्या गावी गेलो. गोठा, दावणीला ढवळ्या आणि त्याचा जोडीदार, पडवी, मागे सिद्धगड, सगळं घ्यायचं ठरलं होतं. काठीवर लावलेला तो कॅमेरा गोठ्यात उभा केला तेव्हा मामी शेणाची पाटी घेऊन आली आणि त्याच्याकडे संशयाने बघत राहिली.

"यातून कोण बघणार?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, मामा.

मामीने पाटी खाली ठेवली. पदर सारखा केला. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, वरच्या पट्टीत म्हणाली, "दाढी करत जा जरा. नणंदेच्या घरी राहताय, लोक काय म्हणतील, मीच तिकडं धाडलंय असं ध्यान." मग पाटी उचलून निघाली, चार पावलांवरून वळली. "ढवळ्या तुमचा आवाज शोधतो. एवढंच सांगायचं होतं."

ते चित्रण मामाने केंद्रात पाहिलं. बैल दिसले तेव्हा तो जीभ टाळूला लावून त्यांना बोलावत होता. मामी समोर आली आणि बोलायला लागली तेव्हा पाठ सरळ करून बसला. चष्मा काढल्यावर डोळे पुसले आणि म्हणाला की यंत्र गरम होतं, घाम येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईकडे दाढीचं सामान मागितलं. आईने तोंड फिरवून हसून घेतलं आणि आरसा आणून दिला.

पावसाळा गेला. हात सुधारत होता, पण एक अडचण जात नव्हती. मूठ मिटायची, उघडायची नाही. मामा बोटं धरायचा ती धरूनच राहायचा. सोडायची म्हटली की आधी खांदा ताठ व्हायचा, मग दात, आणि बोटं तशीच. मास्तर चेष्टा करायचे की सायकल विकली जाते पण मला हात परत मिळत नाही. बाईंनी सांगितलं होतं की ओढाताण करू नका, श्वास सोडा, वेळ द्या, उघडतात. मामाला वेळेचीच भीती होती. बाजारात वेळ कोण देतं? बोट जरा जास्त धरलं की त्याचा अर्थ बदलतो.

मार्गशीर्षात मामीचा फोन आला. शेजारच्या माणसाला एक चार दाती बैल म्हशाला विकायचा होता. तो म्हणत होता की सौद्याला आपला हेडी उभा राहिला तरच नेईन, नाहीतर बैल घरीच राहू दे. मामाने फोन कानाला धरून ते ऐकलं. आम्ही सगळे जेवायचे थांबलो होतो.

"येतो म्हणावं," मामा म्हणाला. "पण सरळगावचा आला तर मी हात देणार नाय."

सरळगावचा म्हणजे त्याच्याच वयाचा, बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा हेडी. हे दोघे आयुष्यभर एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले. मामाच्या मते त्याच्याइतका चिवट हात तालुक्यात दुसरा नाही. मामाला काय झालंय हे त्याने ऐकलं असणारच, पण तो भेटायला आला नव्हता आणि मामाने त्याचं बरंच मानलं होतं.

जत्रेला आम्ही सगळे गेलो. आई, वडील, मी, आणि सुट्टी काढून आलेली ताई. माझ्या पिशवीत नवीन पत्रकं होती, यावेळी हिरव्या कागदावर. मथळा होता, 'उपचार हवा, आणि आनंदही!' आधीची मागणी तशीच होती, एक शब्द मागे घेतला नव्हता: फिजिओथेरपिस्ट तालुक्याला रोजच्या रोज हवी. त्याखाली दुसरी मागणी होती, की खेळवणारी ताईही हवी, आणि ती देणगीवर चालणारी चैन म्हणून नको, औषधासारखी हक्काची हवी. गरिबाला फक्त जगवायचं आणि आनंद मात्र पैसेवाल्यांनी घ्यायचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही, असं मी लिहिलं होतं. झापडांची उपमा काढून टाकली होती. मामा म्हणाला होता, की माझी होती ती परत दे.

धूळ, घुंगुरमाळा, उसाच्या रसाच्या गाड्या, घोंगड्यांचे ढीग. मामा गाडीतून उतरल्यावर जरा डगमगला. मग वास आला असेल, गोमूत्राचा आणि पेंढ्याचा, कारण त्याची काठी आमच्या पुढे निघाली. माणसं त्याला ओळखत होती, थांबवत होती. तो डाव्या हाताने काठी धरून, उजवा टॉवेलखाली ठेवून, सगळ्यांसमोर नुसती मान हलवत होता.

शेजाऱ्याचा बैल चांगला होता, गर्दी जमली. दोन गिऱ्हाइकं आली, भाव विचारून गेली. आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या पुढे चालत, पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या, सरळगावचा.

त्याने मामाची विचारपूस केली नाही. बैलाभोवती एक फेरी मारली, दात पाहिले, वशिंडावर थाप मारली. मग आपला उजवा हात पुढे केला.

मामा त्या हाताकडे बघत राहिला. बैलवाला शेजारी मामाकडे बघत होता. ताईने माझं मनगट धरलं. मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते, आणि मला आठवतंय, त्या क्षणी मला त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"चिवटपणा तोच ठेवलास का, का म्हातारा झालास?" मामाने विचारलं.

"धरून बघ," तो म्हणाला.

मामाने काठी आईकडे दिली. डाव्या हाताने टॉवेल ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

वर गप्पा सुरू झाल्या. भात कसं झालं, करपा पडला का, पेंढा पुरेल का. खाली टॉवेल हलत होता, थांबत होता, परत हलत होता. मामाचा चेहरा पाटीसारखा कोरा. मग टॉवेल एकदम स्थिर झाला आणि स्थिरच राहिला. सरळगावच्याने भुवया उंचावल्या. तोंडाने चिंचेच्या भावाविषयी काहीतरी बोलला, मग डोकं हलवलं. मग थोड्या वेळाने, अनिच्छेने, कबूल केल्यासारखी मान खाली घातली. मामाचा खांदा ताठ झालेला मला दिसला, दात आवळलेले दिसले. मला कळलं. मामाने पंजा धरला होता आणि तो सुटत नव्हता. समोरचा समजत होता की मामा भाव सोडत नाही, आणि तो वर चढत होता.

मामाने फक्त गप्प राहायचं होतं. शेजाऱ्याचा फायदा होता, मामाचं नाव होतं, आणि त्या पंजाचा अर्थ कोणाला कधी कळला नसता.

"थांब," मामा म्हणाला. आवाज खाली, पण आम्हा जवळच्यांना ऐकू गेला. "तो भाव नाय. हात अडकलाय."

सरळगावचा त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हात काढून घेईल आणि सगळ्या बाजाराला सांगेल. त्याने टॉवेलचं टोक वाऱ्याने उडत होतं ते डाव्या हाताने नीट केलं, दोघांचे हात पुरते झाकले जातील असं.

"अडकला तर अडकू दे," तो म्हणाला. "मला कुठं जायचंय? यंदा आंब्याला मोहर कसाय तुमच्याकडं?"

मामाने श्वास सोडला. आंब्याचं सांगायला लागला. मोहर चांगला आहे पण धुकं पडतंय. पायवाटेकडच्या आंब्यावर माकडं बसतात. मामीने गोफण घेतलीय. सरळगावच्याने विचारलं की नेम कसाय तिचा, मामा म्हणाला की दगड माकडापेक्षा मलाच जास्त लागतात. गर्दीतले दोघं हसले. आणि बोलता बोलता मामाचा खांदा खाली आला. टॉवेलखाली काहीतरी हललं. मग परत हललं. बोटं बदलत होती. सरळगावच्याच्या मिश्यांखाली हसू आलं आणि त्याने लगेच ते गिळलं, कारण सौदा अजून चालू होता.

नंतर फार वेळ लागला नाही. दोघांनी एकदम मान हलवली. टॉवेल उचलला गेला. शेजाऱ्याने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि दावं नव्या मालकाच्या हातात दिलं.

सरळगावचा जाताना म्हणाला, "पकड कच्ची हाय अजून. पण खोटी नाय." मग ताई केंद्रातली आहे हे कळल्यावर तिच्याकडे वळून विचारलं की तुमच्याकडे गुडघ्याचं काही आहे का. तिने केंद्राचा दिवस सांगितला. मी त्याला हिरवं पत्रक दिलं. त्याने ते घडी घालून टोपीत ठेवलं. न वाचता टोपीत ठेवलेलं पत्रक वाचलं जातं की नाही याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत.

मामाने टॉवेल दोन्ही खांद्यांवरून मागे टाकला. उजवा हात उघडाच होता, थोडा वाकडा, धुळीने माखलेला, सगळ्यांना दिसेल असा. ताईने आम्हाला उसाचा रस पाजला. मामाने पेला उजव्या हाताने धरला आणि पिऊन झाल्यावर तो परत देताना बोटं अडकली, तेव्हा रसवाल्यालाच म्हणाला, "थांब रे बाबा, हा तुझाच हाय, मिळल." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. गाडीत बसेपर्यंत तो माणसांशी बोलत होता, आणि मधूनमधून माझ्या गठ्ठ्यातली पत्रकं घेऊन वाटत होता, काहींना सरळ, काहींना उलटी. मामीला फोन लावून दिला तर पहिलं वाक्य म्हणाला, "दाढी केलेली हाय." मग बराच वेळ ढवळ्याशी बोलला. मामीने फोन गोठ्यात नेला होता.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं की सौदा कितीला ठरला. माझ्या मते ही गोष्ट सगळ्यांना कळायला हवी होती. व्यवहार उघड असावेत, असं आमच्या घरातली निम्मी पत्रकं सांगतात.

मामाने डोळे मिटले होते. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं एकेक करून मिटत होती, उघडत होती.

"रुमालाखालचं रुमालाखाली," तो म्हणाला. "आनि पत्रकात तर नायच."